हातभर जागा

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते तेव्हा निम्मे प्रवासी वड्याच्या मागे असतात आणि उरलेले निम्मे मोबाइलमध्ये. तेवढ्यात गाडीला मागून एक हलका धक्का बसतो. हातातल्या चहाचे दोन थेंब पँटवर सांडतात आणि समोरच्या बाकावरचे कुणीतरी काका माहितगाराच्या सुरात सांगतात, "बँकर लागले." पुढे बोरघाट आहे. दर ३७ फुटांना एक फूट वर, असा त्याचा चढ. पुढचं इंजिन तिथे एकटं पुरत नाही, म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात आणि घाट संपला की लोणावळ्याला सोडून देतात.

मला तो धक्का माझ्या लॅपटॉपवर हवा होता.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. परीक्षेच्या आदल्या महिन्यात माणसाला जे छंद हमखास जडतात, त्यांपैकी एक मला जडला होता: ट्रेन सिम्युलेटर. २००१ साली मायक्रोसॉफ्टनं त्याच नावाचा एक गेम काढला होता. तो बनवला होता कुजू नावाच्या ब्रिटिश कंपनीनं. त्यात सहा रेल्वेमार्ग होते: दोन अमेरिकेतले, दोन जपानमधले, एक इंग्लंडमधला, एक ऑस्ट्रियातला. भारतातला एकही नाही. पण त्या गेमची एक गोष्ट फार चांगली होती. इंजिन काय, डबा काय, प्रत्येकाची कुंडली एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असायची. नोटपॅडमध्ये उघडा, आकडे बदला, पुन्हा गाडी चालवून बघा. त्यामुळे जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या देशाचे डबे बनवले आणि एकमेकांना फुकट वाटले. पुढे काहींनी मिळून 'ओपन रेल्स' नावाचा मोफत सिम्युलेटर लिहिला, तो याच जुन्या फायली वाचतो. मी खेळत होतो तो हाच.

माझा डबा म्हणजे लहानपणीच्या प्रत्येक सुट्टीत पाहिलेला निळा आयसीएफ डबा. खिडक्यांचे गज मोजून काढले होते. रंगाची निळी छटा जुळवण्यात दोन रात्री गेल्या होत्या. मग कुणा अनोळखी माणसानं बनवलेलं एक डिझेल इंजिन उतरवून घेतलं, डबा साइडिंगला उभा केला आणि इंजिन चालण्याच्या वेगानं मागे आणलं. टक् असा आवाज आला. कपलिंग झालं. कॅमेरा जवळ नेऊन बघतो तर माझ्या डब्याचे बफर इंजिनाच्या पोटात घुसलेले. दोन डबे एकमेकांना जोडले तर आणखी वाईट. भिंतीला भिंत चिकटलेली, आणि दोघांचे बफर एकमेकांच्या आत गडप.

चूक माझीच होती, आणि ती सापडायला तीन दिवस लागले. ती शोधता शोधता मी ज्या इतिहासात जाऊन पडलो, त्याची ही गोष्ट.

गेमला डबा दिसत नाही

आपल्याला पडद्यावर डबा दिसतो. गेमला दिसतं ते फक्त एक खोकं. फाइलमध्ये एका ओळीत तीन आकडे असतात: रुंदी, उंची, लांबी. जोडणीच्या वेळी गेम बघतो तो यातला तिसरा आकडा. या खोक्याचं टोक त्या खोक्याच्या टोकाला भिडलं की त्याच्या लेखी कपलिंग झालं. बफर कुठे आहेत, हूक कुठे आहे, याची चौकशी तो करत नाही.

मी तिथे लिहिलं होतं २१.३३७ मीटर. आकडा खोटा नव्हता. आयसीएफ डब्याच्या पेटीची लांबी तेवढीच असते. पण रेल्वे डबा मोजताना आणखी एक माप घेते: या टोकाच्या बफरच्या तोंडापासून त्या टोकाच्या बफरच्या तोंडापर्यंत. ते भरतं २२.२९७ मीटर. फरक ९६ सेंटिमीटरचा, म्हणजे प्रत्येक टोकाला ४८. आपल्या आज्ज्या ज्याला 'हातभर' म्हणायच्या, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, जवळपास तेवढं. मी डबा मोजला होता आणि डब्याबाहेरची हातभर जागा विसरलो होतो.

आकडा सुधारला. आता डब्याचं एक टोक झकास जुळलं आणि दुसऱ्या टोकाला फट दिसू लागली. डबा उलटा फिरवून लावला तर फट दुसऱ्या बाजूला. याचं कारण असं की थ्रीडी मॉडेल बनवताना मी डब्याचा मध्य बरोबर मध्यावर धरला नव्हता. खोकं एकीकडे आणि चित्र थोडं दुसरीकडे सरकलेलं. अशी चूक एकटा डबा बघून कधीच कळत नाही. डबा देखणा दिसतो, धावतोही नीट. शेजारी दुसरा डबा येऊन उभा राहिला की मगच ती उघडी पडते.

त्याच फाइलमध्ये खाली जोडणीचा प्रकार लिहायचा असतो. पर्याय तीन: साखळी, स्वयंचलित, किंवा दांडा. दांडा म्हणजे सहसा न सोडायची जोडणी, एखाद्या रेकमध्ये कायमचे बांधलेले डबे असतात तशी. त्याखाली एक स्प्रिंग: किती ताठ, किती ढील, किती बळ आलं की तुटायची. मी दुसऱ्या कुणाच्या फाइलमधून ही सगळी ओळख जशीच्या तशी उचलली होती. एका अमेरिकन मालडब्याची. त्यामुळे माझ्या निळ्या आयसीएफ डब्याच्या कपाळी लिहिलं गेलं होतं: 'स्वयंचलित'. तिथे हवी होती 'साखळी'.

मी तो शब्द बदलला आणि तिथेच थांबलो. साखळी आणि स्वयंचलित. एका फाइलमधले दोन शब्द. त्यांच्यात फरक काय, हे मला धड सांगता आलं नसतं.

साखळी

सुरुवातीच्या आगगाड्यांचे डबे खरोखरच साखळीनं बांधलेले असत. तीन कड्यांची सैल साखळी, दोन्हीकडे हूक. गाडी सुटली की पहिली साखळी ताणली जायची, मग दुसरी, मग तिसरी, आणि प्रत्येक ताणाबरोबर आतल्या माणसांना एक हिसका. थांबताना तेच उलट: डबे एकापाठोपाठ एक येऊन आदळायचे.

यावरचा उपाय इंग्लंडमध्ये निघाला. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १८३० साली सुरू झाली. तिचे सचिव आणि खजिनदार होते हेन्री बूथ. हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्या या माणसाला यंत्रांचं विलक्षण डोकं होतं. 'रॉकेट' या प्रसिद्ध इंजिनाच्या बॉयलरमध्ये एका मोठ्या नळीऐवजी अनेक बारीक नळ्या घालाव्यात, ही सूचना त्यांचीच. १८३६ साली त्यांनी स्क्रू कपलिंगचं पेटंट घेतलं. दोन कड्यांच्या मध्ये एक स्क्रू, त्याला एका बाजूला उजवे आटे आणि दुसऱ्या बाजूला डावे. मधला दांडा फिरवला की दोन्ही कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात. दोन डबे इतके जवळ येतात की त्यांचे बफर एकमेकांवर दाबून बसतात. ढील संपली आणि हिसकेही कमी झाले.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. इंजिनं ब्रिटनमधून आली होती आणि रेल्वे चालवायची रीतही. दोन बाजूंना दोन बफर, मध्ये हूक आणि साखळी. ब्रॉडगेजच्या प्रवासी डब्यांवर ही पद्धत दीडशे वर्षांहून जास्त टिकली. आमचा निळा डबा तिचाच वंशज.

आता ही जोडणी करायची कशी, ते नीट बघा. इंजिन येऊन डब्याला टेकतं. मग एक माणूस, ज्याला आपण सांधेवाला किंवा शंटमन म्हणतो, वाकून बफरच्या खालून आत शिरतो. तो दोन बफरांच्या मध्ये, दोन डब्यांच्या मध्ये उभा राहतो. जड कडी उचलून समोरच्या हुकात टाकतो. स्क्रू फिरवून घट्ट करतो. ब्रेकच्या हवेचे पाइप जोडतो. पुन्हा वाकून बाहेर येतो. दोन डब्यांच्या भिंतींमध्ये तेव्हा अंतर असतं दोन हात. मी माझ्या फाइलमध्ये गाळलेले नेमके तेच ९६ सेंटिमीटर.

युरोपातल्या नियमांत तर या जागेला नाव आहे. डब्याच्या टोकाशी, शंटर उभा राहील तिथे, अमुक एवढी जागा मोकळी राहिलीच पाहिजे, असा दंडक आहे. तिला स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराचं नाव दिलेलं आहे. म्हणजे डबा आखणारा माणूस कागदावर आधी एका माणसाच्या आकाराची पोकळी सोडतो आणि मग उरलेलं लोखंड बसवतो.

बोटं मोजणारा धंदा

अमेरिकेतली रीत वेगळी होती. तिथे डब्यांना बाजूचे बफर नव्हते. मध्यभागी एक पोकळ लोखंडी तोंड, त्यात एक लांबट कडी आणि वरून खाली घालायचा खिळा. कडी आणि खिळा, एवढाच मामला. इंजिन डबा ढकलत आणायचं. येणाऱ्या डब्याची कडी समोरच्या तोंडात नीट जावी म्हणून ब्रेकमन मध्ये उभा राहून ती हातानं धरायचा. शेवटच्या क्षणी हात काढायचा आणि खिळा टाकायचा. डबा हलता असायचा. पावसात कडी निसरडी व्हायची, थंडीत बोटं बधिर व्हायची. दोन कंपन्यांच्या डब्यांची तोंडं वेगवेगळ्या उंचीवर असायची.

यार्डात नोकरी मागायला आलेल्या माणसाचे हात आधी बघत, असं सांगतात. एखाद-दोन बोटं गेलेली असली की गडी अनुभवी.

१८७७ ते १८८७ या दहा वर्षांत अमेरिकी रेल्वे कामगारांच्या एकूण अपघातांपैकी सुमारे ३८ टक्के अपघात जोडणीशी संबंधित होते. रुळावरून घसरलेल्या गाड्या, फुटलेले बॉयलर, कोसळलेले पूल यांच्या बातम्या होत. दोन डब्यांमध्ये चिरडलेल्या हाताची बातमी होत नसे.

उपाय कुणाला सुचत नव्हता असं नाही. सुचत होता, फार जणांना सुचत होता, आणि तीच अडचण होती. कपलिंगची पेटंटं शेकड्यांनी निघत होती. त्यातलं एक इलाय जॅनी यांचं, १८७३ सालचं. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूनं लढून आलेले जॅनी नंतर व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात कापडाच्या दुकानात कारकुनी करत होते. त्यांनी लाकूड तासून नमुना बनवला. तुमच्या दोन्ही हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवून बघा. जॅनी कपलरची कल्पना साधारण तीच. दोन अर्धवट मिटलेले लोखंडी पंजे समोरासमोर येतात, धक्क्यानं मिटतात आणि आतून कुलूप पडतं. त्याच्या हलत्या भागाला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थच बोटाचं पेर. कामगारांची बोटं वाचवायची म्हणून लोखंडाला बोटं फुटली.

पण जॅनीचा पंजा फक्त जॅनीच्याच पंज्याला धरतो. एका कंपनीनं तो बसवला आणि शेजारच्या कंपनीनं दुसऱ्या कुणाचा बसवला, तर दोघांचे पैसे पाण्यात. डबे तर देशभर फिरणारे, आज या कंपनीच्या गाडीत, उद्या त्या.

डबे बांधणाऱ्यांची मास्टर कार बिल्डर्स ही संघटना होती. तिनं १८८७-८८ च्या सुमारास यातून एक वाट काढली. जॅनी पद्धत मानक म्हणून निवडली. पण सक्ती केली फक्त बाहेरच्या वळणाची, म्हणजे पंजाच्या त्या रेषेची, जी समोरच्या पंजाला भिडते. जॅनींनी त्या रेषेवरचा आपला पेटंटचा हक्क सोडला. आतलं कुलूप, स्प्रिंग, धातू, कारखाना, ज्याचं त्यानं बघावं. तुमच्या फोनचं चार्जिंगचं भोक आठवा. फोन कुणाचाही असो, आत काहीही असो, भोकाचा आकार ठरलेला. गेमची खोकी आणि त्यांची टोकंही तशीच.

तरी रेल्वे कंपन्या खर्चाला नाखूश होत्या. त्यांच्या मागे लागलेल्यांत आयोवा राज्यातला लोरेन्झो कॉफिन नावाचा एक शेतकरी होता. त्यानं १८७४ च्या सुमारास एका ब्रेकमनची बोटं जोडणीत जाताना डोळ्यांनी पाहिली होती. पुढे तो राज्याचा रेल्वे आयुक्त झाला आणि कितीतरी वर्षं पत्रं, भाषणं, निवेदनं यांतून एकच मागणी लावून धरत राहिला. अखेर २ मार्च १८९३ ला राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी सुरक्षा साधनांच्या कायद्यावर सही केली. डबे धक्क्यानं आपोआप जोडले गेले पाहिजेत आणि सोडवतानाही माणसाला मध्ये जावं लागू नये, असं त्यात होतं. मुदती वाढत वाढत तो पुरता लागू झाला १ ऑगस्ट १९०० ला.

पाचव्या दिवशी

त्यानंतर चारच दिवसांनी, ५ ऑगस्ट १९०० ला, युटा राज्यातल्या प्रोमॉन्टरी स्टेशनात सदर्न पॅसिफिक कंपनीची मालगाडी येऊन थांबली. प्रोमॉन्टरी हे नाव अमेरिकेत शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारे रूळ १० मे १८६९ ला इथेच जोडले गेले आणि तो क्षण सोन्याचा खिळा ठोकून साजरा झाला. अख्खा देश जिथे जोडला गेला ती ही जागा.

मालगाडीवर जॉन्सन नावाचा ब्रेकमन होता. त्याला काम मिळालं: इंजिन आपल्या गाडीपासून सोड, साइडिंगला उभ्या असलेल्या एका डायनिंग कारला जोड, आणि ती टर्नटेबलवर नेऊन फिरवून घे. मागून येणाऱ्या प्रवासी गाडीला ती लावायची होती.

इंजिनाला जॅनी कपलर होता, स्वयंचलित. डायनिंग कारला मिलर हूक होता, तोही स्वयंचलित. फक्त ते दोघे एकमेकांना आपोआप धरत नव्हते.

जॉन्सन मध्ये शिरला. हातानं जोडून बघितलं, जमलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. अखेर त्याचा हात इंजिनाच्या पुढच्या लोखंडात सापडला आणि इतका चेंगरला, की मनगटाच्या वर कापावा लागला.

त्यानं कंपनीवर खटला भरला आणि तो हरला. अपील केलं, तिथेही हरला. अपील न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: कायद्यात 'डबा' म्हटलंय, इंजिन म्हणजे डबा नव्हे. शिवाय कायदा म्हणतो स्वयंचलित कपलर हवा. याला होता, त्यालाही होता. मग कंपनीनं मोडलं काय?

गेम खेळताना मी ज्या अनोळखी इंजिनवाल्यावर मनातल्या मनात चडफडलो होतो, तोही हेच म्हणाला असता. माझी फाइल बरोबर आहे, तुझी तू बघ. आणि मीही त्याला हेच म्हणालो असतो.

१९ डिसेंबर १९०४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल फिरवला. सरन्यायाधीश फुलर यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय साधा आहे. हा कायदा माणसाला दोन डब्यांच्या मधून बाहेर काढण्यासाठी केलेला आहे. इंजिनही त्यात आलं. आणि कपलर स्वयंचलित आहे असं तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा तो समोरच्या कपलरला आपोआप धरेल. एकट्यापुरता स्वयंचलित असून भागत नाही. खटला पुन्हा चालवा, असा आदेश निघाला.

त्या निकालाबद्दल वाचताना माझ्या डोक्यातला गोंधळ एकदम निवळला. कपलिंग हा डब्याचा भाग आहे असं मी धरून चाललो होतो. चाकं, खिडक्या, दारं, तसंच कपलिंग. पण एकट्या डब्याला कपलिंग नसतंच. ते दोन डब्यांमध्ये असतं, दोघांनी आधी ठरवलेलं असलं तरच असतं. आणि जिथे ते ठरलेलं नसतं, तिथे कुणाचा तरी हात जातो.

कायद्यानं काय साधलं, तेही सांगायला हवं. १८९२ साली जोडणीचे सुमारे ११,००० अपघात झाले होते. १९०२ साली ते २,००० च्या थोडे वर उरले, आणि मधल्या काळात कामगारांची संख्या वाढतच गेली होती.

एका दिवसात

गेममधल्या त्या दोन जपानी मार्गांपैकी एक आहे हिसात्सू मार्ग, क्यूशू बेटावरचा. बोगदे, वळणं, डोंगर चढणारी छोटी गाडी. मी तो कितीदा खेळलो असेन. त्या बेटावर २० जुलै १९२५ ला काय घडलं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

जपाननं रेल्वे ब्रिटिशांकडून शिकली होती, त्यामुळे तिथेही बहुतेक ठिकाणी बाजूचे बफर आणि स्क्रू कपलिंग होतं. ते काढून स्वयंचलित कपलर बसवायचे ठरले. प्रश्न असा, की बदलायचे कसे? हळूहळू बदलले तर मधली कित्येक वर्षं अर्धे डबे उरलेल्या अर्ध्यांना जोडता येणार नाहीत. म्हणून त्यांनी आधी अनेक वर्षं तयारी केली. नवे कपलर डब्यांच्या खाली टांगून ठेवले, ते घेऊनच डबे देशभर फिरत राहिले. मग ठरलेल्या दिवशी मालगाड्या थांबवल्या आणि जिथे डबा उभा होता तिथे त्याचं जुनं कपलिंग काढून नवं बसवलं. मुख्य होन्शू बेटावर १७ जुलैला, क्यूशूवर २० जुलैला. काल साखळी, आज स्वयंचलित.

मला हा प्रसंग फार आवडतो, कारण माझ्या संगणकावर हे काम एका 'फाइंड-रिप्लेस'चं आहे. एक शब्द शोधा, दुसरा घाला, सगळ्या फायली जतन करा. जपाननं तेच केलं, फक्त पाना आणि हातोडा घेऊन, हजारो माणसांच्या हातांनी, भर जुलैच्या उकाड्यात.

आपल्याकडे

भारतानं दुसरी वाट धरली: दोन्ही ठेवा. लहानपणी पाहिलेली डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनं आठवा. मध्यभागी लोखंडी पंजा आणि दोन्ही बाजूंना बफर. पंजावर साखळी अडकवण्याचीही सोय. हे इंजिन मालगाडीचा नवा डबा पंजानं धरायचं आणि प्रवासी गाडीचा जुना डबा साखळीनं. माझ्या गेममधलं अनोळखी इंजिन हेच होतं. दोन भाषा बोलणारा दुभाषा म्हणा ना.

जोडणी जुळायची तर उंचीही जुळायला हवी. गेमला उंचीशी काही देणंघेणं नाही, तो फक्त रुळाच्या रेषेत मोजतो. प्रत्यक्षात ब्रॉडगेजच्या बफरचा मध्य रुळापासून जास्तीत जास्त १,१०५ मिलिमीटर आणि कमीत कमी १,०३० मिलिमीटर उंचीवर असावा लागतो. रिकामा डबा स्प्रिंगवर उंच उभा असतो, भरला की खाली बसतो, चाकं झिजली की आणखी खाली. या सगळ्याला मिळून जागा ७५ मिलिमीटर, म्हणजे चार बोटं. त्याहून फरक पडला तर धडकेत एक बफर दुसऱ्यावर चढू शकतो.

२००० च्या सुमारास जर्मन बनावटीचे एलएचबी डबे आले. त्यांना मध्यभागी पंजा आहे, बाजूचे बफर नाहीत. २०१८ साली जुन्या आयसीएफ डब्यांचं उत्पादन थांबलं. निळे डबे कमी होत चालले. एलएचबीच्या गाडीत सुटताना आणि थांबताना जे गचके बसतात, त्याबद्दल प्रवासी अजून कुरकुरतात. कपलिंगमधली ढील आणि स्प्रिंग यांचा तो खेळ, गेमच्या फाइलमधल्या त्याच दोन आकड्यांचा.

मग मधला माणूस बाहेर आला का? पूर्ण नाही. पंजे आपोआप मिटतात, पण हवेचे पाइप अजून बहुतेक ठिकाणी हातानंच जोडावे आणि सोडवावे लागतात. त्यासाठी कुणीतरी मध्ये जातंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारमधल्या बरौनी स्थानकात गाडीचं इंजिन सोडवताना एक रेल्वे कर्मचारी इंजिन आणि डबा यांच्या मध्ये चिरडून गेला. त्याचा फोटो त्या दिवशी तुमच्याही फोनवर आला असेल. मी तो एकदाच पाहिला. मला पहिल्यांदा दिसलं ते अंतर. हातभरसुद्धा उरलं नव्हतं.

पुन्हा कर्जत

माझा डबा शेवटी जुळला. लांबी २२.२९७. मध्य मध्यावर. प्रकार: साखळी. बफरला बफर टेकला. ओपन रेल्समध्ये एक खिडकी उघडते, तिच्यात गाडीचे सगळे डबे ओळीनं दिसतात. दोन डब्यांच्या मधल्या खुणेवर टिचकी मारली की कपलिंग सुटतं. एक बटण दाबलं की हवेचे पाइप जोडले जातात. मी मागून इंजिन आणलं, धक्का बसला, पडदा किंचित हलला. बँकर लागले.

आणि तेव्हा लक्षात आलं, की इतक्या बारकाईनं बनवलेल्या या जगात त्या जागेत कुणीच उभं नाही. खिडकीचे गज आहेत, गंज आहे, धूर आहे. फलाटावर उभी केलेली माणसंही आहेत. दोन बफरांच्या मध्ये वाकून शिरणारा माणूस तेवढा नाही, कारण गेमला त्याची गरज पडत नाही. १८९३ च्या त्या कायद्यात जे मागितलं होतं, ते या गेममध्ये शंभर टक्के अमलात आलेलं आहे.

मी अजूनही त्या मार्गानं जातो. कर्जतला गाडी थांबली की वडा घेतो आणि जमलं तर शेवटच्या डब्यापर्यंत चालत जातो. इंजिनं सावकाश येतात. एक माणूस बाजूला उभा राहून हातानं खूण करतो: ये, ये, ये, बास. टेकलं की तो वाकून आत जातो. मी नकळत मोजायला लागतो. साधारण मिनिटभरानं तो दुसऱ्या बाजूनं बाहेर येतो, हात पुसतो आणि गार्डाकडे बघून मान हलवतो.

मग मी माझ्या डब्याकडे परत निघतो.